पूजा, रीटा, नयन

१९९४ साली आमच्या बेळगावातल्या एका साप्ताहिकात मी 'हम आपके हैं कौन'चे परीक्षण लिहिले होते. लग्नाला दोन वर्षे झालेली, बी.ए.ला मराठी घेतलेले आणि लिहिण्याची हौस दांडगी. माधुरी दीक्षितच्या जांभळ्या साडीविषयी सगळे गाव बोलत होते, तेव्हा आपण काही निराळे लिहावे म्हणून मी थोरल्या बहिणीवर, पूजावर, लिहिले. रेणुका शहाणेची पूजा ही एकत्र कुटुंबाच्या देवघरातली समई आहे, असे माझे वाक्य होते. सासूबाईंना ते इतके आवडले की कात्रण त्यांनी 'गुरुचरित्रा'च्या पोथीत जपून ठेवले. शेजारच्या काकूंना दोनदा वाचून दाखवले ते वेगळेच.

गेल्या वर्षी पोथ्या आवरताना ते कात्रण सापडले. मुलगी बेंगळूरहून आली होती. तिने ते मोठ्याने वाचले, अडखळत, कारण तिची शाळा इंग्रजी माध्यमाची, दुसरी भाषा कन्नड, आणि मराठी तिला आली ती ओट्यापाशी. वाचून झाल्यावर म्हणाली, "आई, पण ती पूजा मरते ना गं? समई विझते, ते तू लिहिलंच नाहीस की."

खरेच लिहिले नव्हते. दीड स्तंभात तिच्या मरणावर एक ओळ नव्हती. प्रस्तुत लेख म्हणजे त्या राहिलेल्या ओळीचा हिशेब आहे, असे वाचकांनी समजावे. रेणुकाचा उल्लेख मी एकेरी करते आहे, तो अनादराने नव्हे. आमच्या पिढीच्या घरांतून ती दर आठवड्याला येऊन बसत असे, आणि घरात येणाऱ्या मुलीला कोणी अहोजाहो करीत नाही.

ती आली 'सुरभि'मधून. दूरदर्शनवर १९९० साली सुरू झालेल्या या कार्यक्रमात सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे देशभरच्या कलांची, सणांची, कारागिरांची माहिती सांगत. आज ऐकणाऱ्याला यात विशेष वाटणार नाही. पण तेव्हा आमच्या भागातल्या मराठी घराची स्थिती अशी होती की प्रादेशिक कार्यक्रम बेंगळूरहून कन्नडमधून, राष्ट्रीय कार्यक्रम दिल्लीहून हिंदीतून, आणि मराठी मात्र वर्तमानपत्रात, नाटकात नि वाचनालयात. अशा वेळी दिल्लीच्या पडद्यावर 'शहाणे' आडनावाची मुलगी सुती कपड्यांत येऊन स्वच्छ हिंदी बोलते आणि मधूनच मोकळी हसते, याचे आमच्या आईला कोण अप्रूप! "आपल्यातलीच आहे की गं ही पोरगी," असे ती दर वेळी नव्याने शोध लागल्यासारखे म्हणे. प्रश्नाचे उत्तर पोस्टकार्डावर ती मराठीतच लिहायची. हिंदी कार्यक्रमाला मराठीत उत्तर पाठवून बक्षीस लागणार कसे, असे वडील विचारीत. आईचे म्हणणे, लिपी एकच आहे, वाचतील की.

ती एकटी नव्हती. १९९३ साली एका आठवड्यात 'सुरभि'कडे चौदा लाखांवर पत्रे आली आणि त्याची नोंद लिम्का बुकात झाली. स्पर्धांच्या उत्तरांसाठी वेगळे, जास्त किमतीचे पोस्टकार्ड टपाल खात्याने काढले ते याच लोंढ्यामुळे, असे सांगतात. या चौदा लाख पत्रांचा अर्थ काय? माझ्या मते अर्थ असा, की माणसांना माहिती जितकी हवी होती तितकेच ती सांगणाऱ्यांशी नाते जोडायचे होते. सिद्धार्थ काक घरातला शिकलेला मामा, आणि रेणुका? ती सून व्हावी असे वाटणारी मुलगी. चौदा लाख घरांनी तिला मनातल्या मनात पसंत करून ठेवले होते.

आणि इथेच तिच्या अभिनयाच्या वाटेत धोंड आली. 'सुरभि'च्या आधी, १९८९ मध्ये, अझीझ मिर्झा आणि कुंदन शाह यांच्या 'सर्कस' मालिकेत ती शाहरुख खानबरोबर होती. तंबूत राहणाऱ्या, घाम गाळणाऱ्या माणसांतली एक. १९९३ साली 'मनी' या तेलुगू विनोदी चित्रपटात तिने काम केले. हैदराबादकडच्या आमच्या नातेवाइकांना ती आधी 'मनी'मधली नटी म्हणून ठाऊक होती आणि नंतर मराठी आहे हे कळले. म्हणजे ही बाई पुष्कळ काही करू शकत होती. पण १९९४ चा ऑगस्ट उजाडला आणि सूरज बडजात्यांनी चौदा लाख घरांची इच्छा पडद्यावर पुरी केली. सून घरात आली.

आता पूजाकडे नीट पाहू. मुलीच्या त्या प्रश्नानंतर मी चित्रपट पुन्हा पाहिला, वही घेऊन. पूजा काय करते? ती लग्न करते, हसते, सगळ्यांचे मन ओळखते, मुलाला जन्म देते, धाकट्या दिराचे आणि आपल्या बहिणीचे प्रेम ओळखून तिला आनंद होतो, आणि ते कोणाला सांगण्याआधीच ती जिन्यावरून पडून मरते. तिच्या मरणाने कथेला वळण मिळते. तान्ह्या मुलाचे कसे होणार, म्हणून मेलेल्या बहिणीच्या जागी दुसरी बहीण ठेवायची असे घर ठरवते. कोणी वाईट नाही, कोणी दुष्ट नाही, सगळे रडताहेत. आणि तरी कुणाच्या मनात असे येत नाही की गेलेली बाई ही एक व्यक्ती होती आणि तिची जागा भरायची म्हणजे नेमके काय भरायचे? ही गोष्ट 'नदिया के पार' (१९८२) मधून आलेली आहे, केशवप्रसाद मिश्र यांच्या कादंबरीवरून, तेव्हा तो मृत्यू बडजात्यांनी नव्याने रचलेला नाही हे मान्य. परंतु मूळ गोष्टीतले मरण गावाकडच्या हालअपेष्टांत घडते. इथे ते पॉलिश केलेल्या जिन्यावर घडते, चौदा गाण्यांच्या मध्ये, आणि म्हणूनच ते आम्हाला दिसले नाही.

रेणुकाने या भूमिकेत काय केले? माझ्या १९९४ च्या लेखात मी तिच्या 'सात्त्विक' चेहऱ्याची तारीफ केली होती. आज मला वेगळेच दिसते. तिच्या हसण्यात एक खट्याळपणा आहे, जो पूजाच्या संवादांत नाही. नटीने तो वरून आणलेला आहे. सगळ्यांशी चांगले वागणारी बाई मूर्ख दिसू नये, याची तिने काळजी घेतली. त्यामुळे ती गेल्यावर चित्रपटातला जिवंतपणा काही काळ खरोखरच जातो. हे श्रेय तिचे आहे. पण चांगले काम केल्याची शिक्षा तिला मिळाली, ती अशी की पुढे कित्येक वर्षे लोकांनी तिला त्या जिन्यावरून उठूच दिले नाही.

१९९५ च्या 'अबोली'मध्ये मराठीत तिला नावाची भूमिका मिळाली. दूरचित्रवाणीवर रवी राय यांच्या 'सैलाब'मध्ये सचिन खेडेकरांबरोबर तिने शिवानी केली. लग्न एकाशी झालेले आणि मन दुसऱ्याकडे राहिलेली बाई. समई नव्हे, धुमसणारी चूल. आमच्याकडे ही मालिका दार ओढून पाहिली जाई, कारण सासूबाईंना ती पूजाकडून अपेक्षित नव्हती! मला त्या मालिकेतली तिची शांतता आठवते. जगजितसिंगांची गझल सुरू होण्याआधी ती नुसती समोर पाहत राहायची, आणि हसणाऱ्या चेहऱ्याचे हसू काढून घेतले की खाली काय उरते ते दिसायचे. 'कोरा कागज'बद्दल माझे मत इतके बरे नाही. तिथे पुन्हा सोशिकपणाच पुढे आला.

मग २००१ मध्ये लग्न, मुले, आणि पडद्यावरून बरीचशी अनुपस्थिती. नटीच्या कारकिर्दीत याला विराम म्हणतात. पुरुष नटाच्या कारकिर्दीत असा विराम का नसतो, हे विचारायला मी हा लेख लिहीत नाही. असो.

२००९ साली ती आली ती दिग्दर्शक म्हणून, 'रीटा' घेऊन. तिच्या आई शांता गोखले यांच्या 'रीटा वेलिणकर' या कादंबरीवरचा हा चित्रपट. आमच्या वाचकांना शांताबाई ठाऊक असतीलच. इंग्रजीतून शिकलेल्या, इंग्रजीतून समीक्षा आणि स्तंभ लिहिणाऱ्या, पण दोन्ही कादंबऱ्या मराठीत लिहिणाऱ्या आणि मग स्वतःच त्यांचे इंग्रजी करणाऱ्या. एलकुंचवारांची नाटके, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे', दुर्गाबाई खोट्यांचे आत्मचरित्र, हे सारे त्यांनी इंग्रजीत नेले. दोन भाषांच्या उंबरठ्यावर उभे राहणे म्हणजे कमीपणा, असे आपल्या भागात फार वेळा ऐकावे लागते. शांताबाईंचे काम पाहिले की त्या उंबरठ्यावरही घर करता येते असे वाटते.

रीटा ही थोरली मुलगी. आईबाप बेजबाबदार, घराचा भार लहान वयात हिच्यावर, नोकरीतल्या विवाहित साहेबांशी, साळवींशी, वर्षानुवर्षांचे नाते, आणि एका टप्प्यावर मन पार कोलमडणे. तिला सावरायला नवरा, भाऊ, प्रियकर कोणी येत नाही. येते ती मैत्रीण, सरस्वती. आता पाहा, 'हम आपके हैं कौन' मध्येही थोरली बहीण, इथेही थोरली बहीण. तिथे तिच्या जिवावर कुटुंब गाते, इथे तिच्या जिवावर कुटुंब जेवते. पूजा करणाऱ्या नटीने पंधरा वर्षांनी पहिलाच चित्रपट केला तो रीटाचा, यात मला योगायोग दिसत नाही. रीटाची भूमिका तिने पल्लवी जोशीला दिली आणि स्वतः मैत्रीण झाली. हा निर्णय मला तिच्या सगळ्या कारकिर्दीतला सर्वांत शहाणा वाटतो. (आडनावावर कोटी करायची नव्हती, झाली.)

चित्रपट म्हणून 'रीटा' निर्दोष नाही. कादंबरीत रीटाचे मन आतून फिरते. पडद्यावर ते बाहेरून समजावून सांगावे लागते, आणि दिग्दर्शिका कधी कधी आईच्या पुस्तकापुढे फार नम्र होते. चांगल्या वाक्याला हात लावायचा नाही, असा संकोच जाणवतो. जॅकी श्रॉफचे साळवी ही माझ्या मते धाडसाची आणि अर्धीच साधलेली निवड आहे. त्यांच्या थकलेल्या चेहऱ्यात साळवींचा भेकडपणा नेमका उतरतो. पण मराठी बोलताना ते पाहुण्यासारखे सावध होतात, आणि साळवी हा तर भाषेच्या जोरावर बाईला वर्षानुवर्षे थोपवून धरणारा माणूस. पल्लवी जोशी मात्र सर्व उणिवा भरून काढते. मोडताना ती आवाज चढवत नाही, उलट तिचे शब्द कमी कमी होत जातात. मी हा चित्रपट फार उशिरा, उसन्या सीडीवर पाहिला. थिएटरात तो मला गाठता आला नाही. मराठी चित्रपट बघण्यासाठी कोल्हापूर गाठायचे, हा आमचा जुना रिवाज, पण मधल्या आठवड्यात शाळेतली नोकरी सोडून कोण जाणार?

त्यानंतर बारा वर्षांनी, १५ जानेवारी २०२१ रोजी, नेटफ्लिक्सवर 'त्रिभंग' आला. महासाथीचे दिवस, मुलगी घरी, आणि आम्ही दोघींनी तो एकत्र पाहिला. मी फार अवघडून बसले होते हे आधीच सांगते.

नयन आपटे ही मराठीतली मोठी लेखिका (तन्वी आझमी). तिची मुलगी अनुराधा, ओडिसी नर्तकी आणि सिनेनटी (काजोल). नात माशा (मिथिला पालकर). नयन आत्मचरित्र सांगत असताना बेशुद्ध होते आणि इस्पितळात मुलगी, नात आणि लेखनिक मिलन समोरासमोर येतात. नयनने सासरचे घर सोडले ते लेखनासाठी. मुलांना आपले आडनाव लावले. आणि पुढे ज्या पुरुषाला तिने घरात आणले त्याने कोवळ्या अनुवर हात टाकला, हे लेखिकेला, माणसांची मने वाचण्याबद्दल पुरस्कार घेणाऱ्या बाईला, कळले नाही. अनु आईला क्षमा करीत नाही. स्वतः लग्नावाचून मुलगी वाढवते, तिला सर्व स्वातंत्र्य देते. आणि ती मुलगी काय करते? डोक्यावर पदर घेऊन एका कर्मठ एकत्र कुटुंबात सून म्हणून जाते. म्हणजे थेट पूजाच्या घरी! मला त्या क्षणी हसू आले आणि लगेच गेले. रेणुकाने वर्तुळ पुरे केले होते, पण यावेळी त्या सुनेला तोंड होते. आपण तिथे का गेलो हे माशा सांगते, आणि शाळेच्या दिवसांतले जे दुखणे आईला कधी कळले नव्हते ते बाहेर येते.

नयनच्या सासरी ती लिहीत बसते आणि घरातून कुरकुर सुरू होते, तो प्रसंग चालू असताना माझ्या मुलीने माझ्याकडे पाहिले. तिला ठाऊक होते की मी एकोणीसशे सत्त्याण्णवनंतर काही छापायला दिले नाही. सासूबाईंनी कधी वहीला विरोध केला नाही, हे त्यांच्या माघारी स्पष्ट सांगायला हवे. उलट कात्रण जपले. पण ज्या लेखात सुनेच्या मरणाची ओळ नव्हती तोच जपला. तशी ओळ लिहिली असती तर तो पोथीत गेला असता का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला, मुलीला नाही.

'त्रिभंग'चे दोष मोठे आहेत. तिथे सगळ्यांना सगळे बोलून दाखवायचे असते. मिलन हे पात्र शुद्ध हिंदी बोलून विनोद घडवण्यासाठी आणि माहिती काढण्यासाठी ठेवलेले आहे. अनुच्या शिव्यांनी पहिली दहा मिनिटे धक्का बसतो, मग त्या सवयीच्या होतात आणि काजोलच्या डोळ्यांतले काम झाकू लागतात. तीन बायकांना तीन नृत्यमुद्रांच्या उपमा देऊन टाकण्याची घाईही मला रुचली नाही. नयन आभंग, माशा समभंग आणि अनु त्रिभंग. पण या उपमेत एक गंमत झाली आहे. हिंदी प्रेक्षकाला 'आभंग' म्हणजे किंचित झुकलेली मूर्ती एवढेच कळेल. मराठी कान मात्र तिथे 'अभंग' ऐकतो, न मोडणारा, आणि लेखिकेबद्दल ऐकतो. एका मात्रेच्या अंतरावर नयनचे सगळे चरित्र आहे. थोडी वाकलेली, मोडली नाही.

भाषेचा माझा खरा आक्षेप निराळा होता, आणि मुलीशी वाद झाला तो त्यावरून. मराठी लेखिकेची गोष्ट, आई-मुलीमध्ये मराठी घर, आणि चित्रपट हिंदीत! मध्ये मध्ये मराठी, मध्ये इंग्रजी. मी म्हटले, ज्या भाषेसाठी बाईने संसार मोडला तीच भाषा पडद्यावर फोडणीपुरती? मुलगी म्हणाली, "आई, आपण असंच बोलतो की. तू बाबांशी मराठी, भाजीवाल्याशी कन्नड, माझ्याशी निम्मं निम्मं. नयन मराठीत लिहिते, पण मुलगी आईचं लिहिलेलं वाचते असं कुठं दिसतं?" यावर मला उत्तर सुचले नाही. अनुला आईवर राग आहे, आणि आईची भाषा ही आईच्या खोलीसारखी आहे, तिथे ती जात नाही. दिग्दर्शिकेने हे हेतुपूर्वक केले की बाजाराने करवून घेतले हे सांगता यायचे नाही. बहुधा दोन्ही. परिणाम मात्र खरा उतरला आहे.

नयनमध्ये शांताबाई शोधण्याचा खेळ अनेकांनी केला. तो आळशीपणा आहे. ज्या मुलीने आईच्या कादंबरीवर पहिला चित्रपट केला आणि दुसऱ्यात लेखिका-आईवर मुलीकडून जबर आरोप करवले, तिला आपल्या आईची खात्री किती असेल, एवढेच मी म्हणेन. आपल्याकडे शकुंतला परांजपे 'कुंकू'त काम करून गेल्या आणि त्यांच्या कन्या सई परांजपे यांनी चित्रपट केले. आईने उघडलेल्या दारातून लेक पुढे जाते तशी आणखी घरे असतील. पण ते दारच पडद्यावर आणून त्याचा करकर आवाज ऐकवणारी मराठी दिग्दर्शिका मला दुसरी चटकन आठवत नाही.

अभिनय तिने सोडलेला नाही. '३ स्टोरीज' (२०१८) मधली मुंबईच्या चाळीतली फ्लोरी मेंडोन्सा, ओळखू न येणारी, ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी जरूर पाहावी. 'दुपहिया'मध्ये (२०२५) ती बिहारकडच्या गावची सरपंच आहे आणि चक्क विनोदी आहे. लोकांपुढे ती आता समाजमाध्यमांतून बोलते, हसत नव्हे, रोखठोक. २०२४ साली मराठी माणसाला घर आणि नोकरी नाकारणाऱ्यांविरुद्ध तिने जाहीरपणे लिहिले, तेव्हा आमच्या गल्लीतल्या मंडळींनी ते एकमेकांना फिरवले. 'सुरभि'तली मुलगी भांडते, याचे काहींना वाईटही वाटले. चौदा लाख पत्रांतली काही पत्रे अजून परत मागितली जातात, असे दिसते.

मुलीने मध्यंतरी 'रीटा वेलिणकर' वाचली. इंग्रजीत. शांताबाईंनी स्वतः केलेले इंग्रजी, तेव्हा तक्रार करण्याचे कारण नव्हते. पण जाताना ती म्हणाली, मराठीही दे. वाचनालयातून माझ्या नावावर प्रत काढून दिली. तीन महिने झाले. दर रविवारी फोनवर एखादा शब्द विचारते, मागच्या वेळी 'घुसमट' विचारला. बेचाळिसाव्या पानावर आहे म्हणाली. दंड मी भरते आहे.